हंबीररावांची बीएसए

चांदसाहेबानं पाना फिरवला, ऑइलच्या टाकीचा बोल्ट सुटला आणि काळी धार खालच्या घमेल्यात पडायला लागली. हंबीरराव समोरच उकिडवे बसले होते. त्यांनी धारेत बोट धरलं, अंगठ्यावर चोळलं, नाकाशी नेलं आणि मग दारातल्या उन्हाकडं हात करून निरखून पाहिलं. ऑइल काळं असणार हे त्यांना ठाऊकच होतं. पण त्यात बाजरीएवढे काळे खडे होते. ते बघून एवढ्या फौजी गड्याचं तोंड उतरलं.

चांदसाहेबानं भुवया उडवून विचारलं, हे काय घातलंस? हंबीररावांनी मान खाली घातली आणि हातानं विहिरीवरच्या इंजिनाचं चाक फिरवून दाखवलं. चांदसाहेबानं कपाळावर हात मारला. हात ऑइलचा होता, त्यामुळं कपाळही काळं झालं.

साताऱ्यात पोवई नाक्याच्या अलीकडं चांदसाहेबाचं गॅरेज. गॅरेज म्हणजे वर चार पत्रे, तीन भिंती आणि पुढं एक दार, पण जुन्या इंग्रजी मोटरसायकली पार शिराळ्यापासून तिथं यायच्या. हंबीररावांची बीएसए त्या दिवशी सकाळी रहिमतपूरहून गुळाच्या ट्रकमधून आली होती. हंबीरराव मागं तिला दोर लावून, धरून उभे होते आणि त्यांची बायको अंजना पुढं ड्रायव्हरशेजारी अंग चोरून बसली होती. आता ती दाराजवळच्या खोक्यावर बसली होती. पदर डोक्यावर, हात मांडीत. घरातली गाडी अशी उघडी पडलेली, पण तिचं गाडीकडं लक्षच नव्हतं. ती सारखी चांदसाहेबाकडं बघत होती, आणि तो तिची नजर चुकवत होता.

या बीएसएची गोष्टच न्यारी. ती गोऱ्या साहेबाच्या फौजेत होती. लढाई संपल्यावर लष्करानं लिलाव काढला, त्यात हंबीररावांनी ती घेतली. ते स्वतः फौजेत टपाल पोचवणारे मोटरसायकलस्वार, पुढं खडकीच्या लष्करी वर्कशॉपात. गाडी पहिल्यांदा गावात आली तेव्हा सगळा गाव वेशीवर जमला. शेजारच्या धोंडुबाईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. म्हाताऱ्या माणसांनी हात जोडले आणि पोरांनी मागं पळून पळून आपले गुडघे फोडून घेतले. नंतर सवय झाली म्हणावं, तर तीही झाली नाही. नदीच्या वळणावर तिचा आवाज आला की माणसं हातातलं काम थांबवून तिकडं तोंड करायची. अंजना त्या आवाजावर तवा चुलीवर ठेवायची.

आणि हंबीररावांचा कान? इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून ते सांगायचे, पोटात ऑइल कितपत पातळ झालंय. थंडीत चाळीस नंबर, उन्हाळ्यात पन्नास. जुन्या इंजिनाला दाट ऑइल लागतं, फटी वाढलेल्या असतात. तिसरं काही त्यांनी तिच्या पोटात कधी जाऊ दिलं नव्हतं.

मग त्यांचे कान वाहायला लागले. लसणीचं तेल झालं, वैद्य झाले, मिरजेचे डॉक्टर झाले. पुढं कान वाहायचे थांबले, आणि त्याबरोबर ऐकू येणंही थांबलं. आधी पाखरं गेली, मग माणसं, आणि शेवटी एका सकाळी किक मारल्यावर गाडी चालू झाली की नाही हे बघायला त्यांना सायलेन्सरपुढं हात धरावा लागला. त्या दिवशी ते जेवले नाहीत. पण गाडी त्यांनी सोडली नाही. पायाला कळतं, ढुंगणाला कळतं, मला कान कशाला लागतो, असं ते मोठमोठ्यानं सांगायचे. बहिऱ्या माणसाला आपला आवाज केवढा, ते कळत नाही.

यंदा तिकडं अरबांनी तेलाची तोटी आवळली आणि इकडं रहिमतपूरच्या दुकानांतले डबे गायब झाले. पन्नास नंबर नाही, चाळीस नाही. हंबीररावांनी विहिरीवरच्या डिझेल इंजिनाचं ऑइल आणून बीएसएत ओतलं. ऑइल ते ऑइल, असं त्यांना त्या दिवशी वाटलं खरं. पण विहिरीच्या इंजिनाचं ऑइल साबणासारखं असतं, आतली घाण उकलून काढायचा त्याचा धर्म. बीएसएच्या पोटात तीस वर्षांची काजळी बसलेली. ती सगळी सुटली आणि ऑइलच्या वाटेत जाऊन बसली.

मग इंजिन वाजायला लागलं. टक टक, टक टक. गावातल्या शेंबड्या पोरालाही ऐकू येत होतं, एकट्या हंबीररावांना नाही. अंजनानं तांब्यावर बोटं वाजवून दाखवली, तर ते उठून दारात कोण आलंय बघून आले. शेवटी गाडी चढावर दम टाकायला लागली, ते मात्र त्यांच्या पायाला कळलं आणि तिला साताऱ्याला न्यायचं ठरलं.

पण अंजनाच्या जिवाला घोर लागला होता तो निराळाच.

त्यांच्या शेताच्या कडेनं रेल्वे जाते आणि तिथं गाडीवाटेला फाटक नाही. महिन्यापूर्वी ती बांधावर खुरपत होती. रेल्वेची शिट्टी ऐकून तिनं मान वर केली, तर हंबीरराव मोटरसायकलवर बसून रुळाकडं चाललेले. शिट्टी एकसारखी वाजत होती. ती ओरडली. ओरडून काय उपयोग, हे ठाऊक असून ओरडत राहिली. बीएसए रूळ चढली, उतरली, आणि तिच्या मागच्या चाकाला वारा घालत रेल्वेचं इंजिन धडधडत निघून गेलं. रेल्वेचे डबे सरले तेव्हा हंबीरराव पलीकडं आरामात चालले होते. मागं वळूनसुद्धा बघितलं नव्हतं त्यांनी. अंजना घरी पोचली तोवर ते ओट्यावर बसले होते. चहा टाक म्हणाले.

तिनं हातवारे करून सांगायचा जीव तोडून प्रयत्न केला. रेल्वे दाखवली, मोटरसायकल दाखवली, दोन्ही हात एकमेकांवर आपटले. हंबीररावांनी नीट बघून घेतलं आणि हसून म्हणाले, "जाऊ की पुन्याला. दिवाळीला जाऊ लेकीकडं." तिला लिहिता येत नव्हतं. दुसऱ्याकडून लिहून घ्यावं, तर गावभर झालं असतं आणि हंबीरराव त्या शरमेनंच मेले असते. तो एवढा मोठा प्रसंग तिनं महिनाभर एकटीनं पोटात ठेवला. रात्री झोप लागेना.

शेवटी बाजाराचं निमित्त काढून ती साताऱ्याला आली आणि चांदसाहेबापुढं उभी राहिली. रेल्वेचं सगळं सांगून म्हणाली, भावजी, तुमी सांगितलं तर ते ऐकतील. बेअरिंग गेलं, गाडी मेली म्हणून सांगा. पार्ट मिळत न्हाई म्हणून सांगा. चांदसाहेब कितीतरी वेळ नुसता पाना पुसत बसला. खडकीत तो आणि हंबीरराव एका बाकड्यावर काम केलेले. यंत्राबाबत खोटं त्यानं आयुष्यात सांगितलं नव्हतं, आणि तेही या माणसाला. पण मग त्यानं मान हलवली. दोस्ताचा जीव मोठा होता.

तर आज तो दिवस होता. चांदसाहेबानं खालची जाळी काढली, ती चिखलानं भरून गेली होती. रॉकेलनं धुतली. ऑइलच्या वाटा फुंकून फुंकून मोकळ्या केल्या. मग कपाटामागं जपून ठेवलेला पन्नास नंबरचा डबा काढला. मधासारखं पिवळं ऑइल टाकीत उतरताना हंबीरराव जवळ सरकले आणि बघत राहिले. डबा रिकामा झाला तरी तो उलटा धरून ठेव म्हणून त्यांनी खूण केली, शेवटची तार तुटेपर्यंत.

"मार किक," चांदसाहेबानं हातानं सांगितलं.

हंबीररावांनी मारली. बीएसए लगेच चालू झाली. आवाज तोच, भरदार, पण आत अजून काहीतरी वाजत होतं. टक टक.

चांदसाहेबाच्या हातात शिसवाची एक दांडी होती, कोपरापासून मनगटापर्यंत येईल एवढी. इंजिन ऐकायची दांडी. तिचं एक टोक इंजिनाला लावायचं, दुसरं कानामागच्या हाडाला. त्यानं ती आधी खाली, बेअरिंगपाशी टेकवली. तिथं शांत होतं, इतकं शांत की त्याला मनातून आनंद झाला. मग बाजूच्या झाकणावर टेकवली, आणि तिथं ती टकटक सापडली. व्हॉल्व्ह उचलणारं टॅपेट ढिलं झालं होतं, एवढंच. दोन पाने घेऊन बसलं की चहा होईस्तोवर होणारं काम.

त्यानं दांडी खाली घेतली. खोक्यावरून अंजना त्याच्याकडंच बघत होती.

चांदसाहेबानं हंबीररावांकडं बघितलं, बेअरिंगकडं बोट केलं आणि तळहात उलटा केला. गेलं. मग लांब समुद्राकडं हात करून दाखवलं, इंग्लंडहून आता पार्ट येत नाहीत. मग उरलेलं सांगायला हातच वर येईना म्हणून तो नुसता उभा राहिला.

हंबीररावांना कळलं. पेट्रोलच्या टाकीवर तळहात ठेवला आणि ते थरथरणाऱ्या गाडीशेजारी उभे राहिले. अंजनानं मान फिरवली. नवऱ्याचा जीव वाचला या विचारानं बरं वाटायला हवं होतं, पण तिला आपण कुणाचा तरी गळा आवळलाय असं वाटत होतं.

तेवढ्यात हंबीररावांनी हात पुढं केला.

"दांडी दे."

चांदसाहेबाला वाटलं, नुसती हातात धरायला मागतोय. त्यानं दिली. ऐकू यायचं बंद झाल्यापासून हंबीररावांनी दांडी हातात घेतली नव्हती. कशाला घेतील? पण खडकीच्या वर्कशॉपात पन्नास इंजिनं एकदम वाजायची. तिथं कानाला दांडी लावून काही कळायचं नाही, म्हणून जुने उस्ताद ती दातांत धरायला शिकवायचे. हंबीररावांचा हात आपोआप चालला. एक टोक इंजिनावर गेलं, दुसरं दातांत.

आणि ते ताठ झाले.

दांडी तोंडातून काढून त्यांनी तिच्याकडं बघितलं. मग दाराकडं बघितलं, वर पत्र्याकडं बघितलं. पुन्हा दातांत धरली. या वेळी त्यांनी डोळे मिटून घेतले. तोंड असं झालं होतं की चांदसाहेबाच्या अंगावर काटा आला. काय होतंय हे त्याला कळलं, आणि कळूनही विश्वास बसेना. या अल्ला, एवढंच तो पुटपुटला.

हंबीरराव दांडी इंजिनभर फिरवायला लागले. मॅग्नेटोवर, साखळीच्या पेटीवर, ऑइलच्या पंपावर. पंपावर ते थांबले. मिटल्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं आणि मिशीत शिरलं, ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही. नवं ऑइल वर चढत होतं आणि त्यांना ते ऐकू येत होतं. इतकी वर्षं बंद पडलेलं जग एका लाकडाच्या तुकड्यातून आत येत होतं, दातांतून, हाडांतून, आणि हा म्हातारा त्यापुढं गुडघे टेकून बसला होता. रस्त्यानं चाललेले दोघेतिघे दारात थांबले.

मग दांडी बेअरिंगपाशी गेली. तिथून बाजूच्या झाकणावर आली. पुन्हा बेअरिंगपाशी.

हंबीररावांनी ती तोंडातून काढली.

"चांद्या, बेअरिंग झकास हाय की रं. हे टॅपेट हाय."

चांदसाहेबानं खाली बघितलं. हंबीरराव रागावले नव्हते, चकित झाले होते फक्त. एवढा पक्का मिस्त्री टॅपेटला बेअरिंग कसा म्हणाला, हे त्यांना उमजत नव्हतं. त्यांनी पुन्हा दांडी इंजिनाला लावली. आता ते दांडी सोडणार नव्हते. आता गाडीही सोडणार नव्हते. उद्या दांडी सीटखाली बांधून रुळावरून जातील, हे अंजनाला दिसलं. दांडीनं इंजिन ऐकू येईल, अंगावर येणारी रेल्वे थोडीच ऐकू येईल?

ती उठली. काय करायचं ते तिनं ठरवलं नव्हतं. तिनं दांडीचं इंजिनावरचं टोक धरलं आणि वर उचललं. हंबीररावांनी दचकून डोळे उघडले, कुणी ताटावरून उठवावं तसे. दांडी मात्र दातांत तशीच घट्ट. अंजनानं ते ऑइलचं टोक आपल्या गळ्याला लावलं, मंगळसूत्राच्या वर, जिथून आवाज निघतो तिथं. परक्या माणसांसमोर नवऱ्याच्या तोंडातलं लाकूड गळ्याला लावायचं, हे एरवी तिनं जन्मात केलं नसतं. दारातल्या माणसांकडं तिनं पाठ केली.

"आवं," ती म्हणाली.

हंबीरराव हलले नाहीत.

"आवं, ऐकू येतंय का?"

चांदसाहेबानं हळूच वाकून इंजिन बंद केलं. गॅरेजात एकदम शांत झालं. ज्या माणसाला झोपेतही गाडी बंद पडलेली कळायची, त्याची मान तिकडं वळलीसुद्धा नाही. ते अंजनाच्या तोंडाकडं बघत होते.

"रेल्वे हुती त्या दिशी," ती म्हणाली. "तुमच्या पाठीमागनं गेली. शिट्टी मारत हुती, मी वरडत हुते. मला वाटलं, तुमी गेला. आन् घरी आले तर तुमी च्या मागत हुता." तिनं दांडी गळ्यावरून हलू दिली नाही. "मला रातीला झोप न्हाई. चांदभावजींस्नी मीच सांगितलं, गाडी मेली म्हना म्हनून. त्येंचा काय दोष न्हाई."

एवढं बोलून ती थांबली. महिनाभर साठवलेलं एवढंसंच होतं, याचं तिलाच नवल वाटलं.

हंबीररावांनी दांडी काढून धोतरावर पुसली, एक टोक, मग दुसरं. बोलले तेव्हा आवाज खाली होता. पहिल्यांदाच इतका खाली.

"अंजना, तुजा आवाज म्हातारा झाला गं."

तिनं दांडी पुन्हा गळ्याला लावली आणि त्यांनी ती लगबगीनं दातांत धरली.

"एकटीच बोलत हुते न्हवं," ती म्हणाली. "झाला म्हातारा."

चांदसाहेब दाराकडं गेला. बघत उभ्या असलेल्यांना त्यानं हातानंच पुढं व्हायला सांगितलं आणि मग आपणही बाहेर जाऊन, पाठ करून उभा राहिला. आत बोलणं चालू होतं. रेल्वेचं नव्हतं आता. लेक सासरी निघताना काय म्हणाली होती, ते अंजना सांगत होती. लेकीनं दारात वळून बाबांना हाक मारली होती आणि बाबा दुसरीकडं बघत होते, ते सांगत होती. मग काळ्या गाईचं. मग शेजारच्या भामाबाईची काहीतरी तक्रार, जी आता भामाबाईलाही आठवत नसेल. हंबीररावांनी कशालाच थांबवलं नाही. मधे ती दमली की ते दांडी दातांत धरूनच हातानं खूण करत होते, पुढं.

त्यांच्या परतीची रहिमतपूरची एस.टी. निघून गेली. चांदसाहेबानं ती जाताना बघितली, आणि आत जाऊन सांगितलं नाही.

तो आत आला तेव्हा हंबीरराव इंजिनापुढं वाकले होते. त्यांनी वायर काढली, पाना लावून स्पार्क प्लग सोडवला. गरम होता, म्हणून चिंधीत धरला. त्याचं टोक बघितलं, फुंकर मारली. मग प्लगच्या भोकात कापडाचा बोळा नीट बसवला, आत धूळ जाऊ नये म्हणून, आणि प्लग अंजनापुढं धरला.

"हे तुज्यापाशी ठेव."

तिला आधी कळलंच नाही. चांदसाहेबानं समजावून सांगितलं की वहिनी, याच्याबिगर ती चालू व्हत न्हाई. तेव्हा तिनं प्लग घेतला. केवढासा होता. याच्या जोरावर ही गाडी गावात यायची आणि माणसं हात जोडायची! तिनं तो चिंधीसकट पदराच्या टोकाला बांधला आणि गाठ दोनदा ओढून बघितली.

हंबीरराव गाडीभोवती एकदा फिरून आले. गाडी हितंच ऱ्हाऊ दे, टॅपेट बसव, म्हणाले. दर दसऱ्याला ऑइल बदलायचं, पन्नास नंबरच, दुसरं काय घालशील तर बघ. गाडी मरू द्यायची न्हाई. चांदसाहेब मान हलवत होता. दांडी परत द्यायला हंबीररावांनी पुढं केली, तर त्यानं दोन्ही हात मागं घेतले.

स्टँडवर दुपारची गर्दी होती. केळीवाल्या, पोरंबाळं, रजेवर आलेले दोन जवान ट्रंकेवर बसलेले. अंजना आणि हंबीरराव भिंतीच्या कडेला टेकले. थोड्या वेळानं हंबीररावांनी दांडी दातांत धरली आणि दुसरं टोक तिच्याकडं केलं. जवानांपैकी एकानं दुसऱ्याला कोपर मारलं. केळीवाली तर तोंडाचा आ करून बघायला लागली. अंजना लाजेनं लाल झाली. तिनं त्यांना डोळ्यांनी दटावलं, घरी गेल्यावर, घरी. हंबीररावांनी दांडी काढली नाही.

तिनं इकडं तिकडं बघितलं. पदर आणखी पुढं ओढला, टोक गळ्याला लावलं आणि स्टँडवर कोण कोण बसलंय, ते त्यांना सांगायला लागली.